रस्त्याखालून दादाकडे

मी बोलतेय ती रस्त्याच्या खालून. मी एक वायर आहे. विजेची जाडजूड केबल नाही, की टेलिफोन खात्याची मानाची लाईनही नाही. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा आणि त्यांवर राखाडी रबराचं आवरण, एवढाच माझा देह. माझं एक टोक रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतं आणि दुसरं समोरच्या घराच्या स्वयंपाकघरात. मध्ये रस्ता. एका भावाला बहिणीशी बोलता यावं म्हणून त्याने मला इथे पुरलं. पुरलं हा शब्द कानाला बरा लागत नाही, पण दुसरा कुठला वापरू?

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने ओढलं, पिळलं, रबर चढवलं आणि रिळावर गुंडाळून बाहेर काढलं. तिथून मी रेडिओवाल्याच्या दुकानात आले. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. टेबलावर पोटं उघडी टाकलेले रेडिओ, भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर लटकलेल्या आम्ही सगळ्या वायरी. माझ्या शेजारणी एकेक करून कामाला लागल्या. कुणी टेबलफॅनमध्ये गेली, कुणी दिव्याला. मी पडले लांबलचक, म्हणून खिळ्यावरच राहिले.

रेडिओवाला अबोल माणूस. गिऱ्हाइकाने "काय बिघडलंय हो?" असं विचारलं की "बघतो," एवढंच. त्याची बायको जिन्यातून वाकून म्हणायची, "अहो, दोन शब्द जास्त बोललात तर झिजाल का?" तो त्यावरही काही बोलायचा नाही. पण धाकटी बहीण दुकानात शिरली की हाच माणूस खुलायचा. तिला समोरच्याच घरात दिलेली होती. रस्ता ओलांडला की माहेर. तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, म्हणून तो तिला पोपटे म्हणायचा.

मग तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची. सासूबाईंना एकटं टाकून तिला घराबाहेर पाय ठेवता येईना. टेलिफोन तेव्हा दोन्ही घरांत नव्हता. अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. ती खिडकीत उभी राहायची आणि हा दुकानाच्या पायरीवर. मधून गाड्या धडधडत जायच्या. ती काहीतरी ओरडून सांगायची, ह्याला ऐकू यायचं नाही. हा नुसता हात हलवायचा आणि आत येऊन गप्प बसायचा. ते मी खिळ्यावरून बघत होते.

त्याच सुमारास सांडपाण्याचा पाइप घालायला रस्ता आडवा खणला गेला. एका दुपारी रेडिओवाल्याने मला खाली उतरवलं. खोदकामाच्या मुकादमाला चहा पाजला आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. मुकादम हसला.

"घाला साहेब. पण मी काही बघितलं नाही हं."

काळ्या पाइपच्या तुकड्यांतून ओवून त्याने मला चराच्या कडेला निजवलं. वर माती पडली, मग खडी, मग डांबर. ना कुणाची परवानगी, ना कुठे नोंद. जमिनीखाली राहणाऱ्या सगळ्यांची नावं कुठल्या ना कुठल्या नकाशात असतात. माझं नव्हतं.

दोन्ही टोकांना त्याने एकेक काळा रिसीव्हर बसवला. बटण दाबलं की पलीकडे गुर्रर्र वाजायचं. बहिणीच्या स्वयंपाकघरात एक छोटा चौकोनी अडॅप्टर खोचला आणि माझ्या अंगातून पहिल्यांदा काहीतरी बारीकसं धावलं.

"हॅलो."

"कोण बोलतंय?" बहीण म्हणाली.

"कोण म्हणजे? ह्या वायरवर दुसरं कोण असणार?"

"तसं नाही रे दादा. फोनवर आधी कोण बोलतंय विचारायचं असतं. पद्धत असते ती."

त्यावर तो इतका हसला, की वरून त्याची बायको काय झालं म्हणून खाली आली.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की बटण दाबलं जायचं. काय बोलायचे म्हणाल, तर काहीच नाही. दूध उतू गेलं. सासूबाईंनी आज अर्धी पोळी जास्त खाल्ली. एका गिऱ्हाइकाने रेडिओ बिघडला म्हणून आणला, आत बघतो तर मुंग्यांचं वारूळ. मधूनच सासूबाईंचा खोल आवाज यायचा, "त्याला विचार, जेवला का वेळेवर?" तो बायकोला बोलवायचा, "ये, तूही बोल." ती लांबूनच म्हणायची, "तुमचं बहीणभावाचं चालू द्या. मला वर कामं पडलीत."

पुढे दोन्ही घरांत टेलिफोन आले. मग खिशातले फोन आले. रेडिओ दुरुस्तीला कुणी आणेना. सासूबाई गेल्या, म्हणजे बहिणीला आता रस्ता ओलांडायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी सकाळचं गुर्रर्र काही सुटलं नाही. "समोर आलं की तू बघत बसतोस, बोलत नाहीस," ती त्याला म्हणायची. "तुझं तोंड ह्याच्यातूनच उघडतं."

मग तिचा नवरा अचानक गेला. लेक लग्न होऊन दूर देशी. घरात ती एकटी उरली. त्या दिवसांत भाऊ रिसीव्हर कानाला लावून नुसता बसून राहायचा. पलीकडे ती रडत असायची. त्या रडण्याचं ओझं मी रस्त्यापलीकडे नेत होते, आणि इकडून एक "हं" घेऊन परत येत होते.

हळूहळू त्याच्या "हं"ला धाप लागायला लागली. "काय रे, दम का लागलाय?" ती विचारायची. "जिना उतरून आलो," तो सांगायचा. तो तासभर खालीच बसलेला असायचा.

एका सकाळी त्याने रिसीव्हर उचलला, पण बटण दाबलं नाही. जवळच बायकोचा आवाज होता.

"दाबा ना. सांगा तिला, ॲडमिट व्हायचंय म्हणून."

"नको. ती आत्ता कुठे जरा सावरतेय. परत आलो की सांगेन."

"आणि मला कळवावंसं वाटलं तर?"

"तू पण सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

त्याने रिसीव्हर ठेवला. दवाखान्यातून तो परत आलाच नाही.

त्यानंतर बहीण एकदाच दुकानात आली. कुणाच्या तरी धक्क्याने रिसीव्हर खाली लोंबकळत होता, म्हणून मला ऐकू आलं.

"मला शेवटचं बोलूसुद्धा दिलं नाहीत ना, वहिनी? एवढी काय मी परकी होते?"

वहिनी काही बोलली नाही. का बोलली नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. शपथ माणसाबरोबर जाते की मागे राहते, मला काय ठाऊक? थोड्या वेळाने पावलं बाहेर गेली. कुणीतरी रिसीव्हर जागेवर टांगला, शटर खाली आलं आणि माझ्या त्या टोकाशी चिडीचूप झालं. मला सगळं माहीत होतं. पण माझ्यात शब्द साठत नाहीत, ते नुसते जातात. कुणी आत घातले, तरच पलीकडे पोहोचतात. नणंद आणि भावजय एकाच रस्त्याच्या दोन काठांवर राहत होत्या, आणि मी त्यांच्यामध्ये रिकामी पडून होते.

बरेच दिवस गेले. मग एकदा बहिणीच्या बाजूने रिसीव्हर उचलला गेला. बटण दाबलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "आज दूध नासलं बघ."

एवढंच बोलून तिने ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त बोलली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पुढे तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची आणि रस्त्यावर दिसेल ते त्याला सांगायची. तिच्या शब्दांतून मी वरचं जग बघायचे. कोपऱ्यावरचं झाड तोडलं, नवीन दिवे बसवले, तुझ्या शटरला गंज चढलाय, वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालतेय, बारीक झालीय. बोलून झालं की ती थोडं थांबायची, जणू पलीकडून "हं" येणार आहे. मी ते थांबणं दुकानापर्यंत घेऊन जायचे. तिथे ते घ्यायला कुणी नव्हतं.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, "दादा, आपला रस्ता खणणार आहेत रे. पाटी लागलीय. खालून रेल्वे जायचीय म्हणे. घरंच्या घरं मावतील एवढा खड्डा."

त्यानंतर वर पावलांची वर्दळ सुरू झाली. कुणी चॉक ओढतंय, कुणी फवारा मारतंय. एवढा मोठा खड्डा घ्यायचा तर खाली काय काय पुरलेलं आहे ते आधी वर रंगवून ठेवतात. पाण्याची लाईन निळी, विजेची लाल, गॅसची पिवळी, फोनची नारिंगी, सांडपाण्याची हिरवी. ज्याची त्याने येऊन दाखवायची. पण प्रत्येक खात्याचा माणूस आपल्या सवडीने यायचा, आपली रेघ मारून निघून जायचा आणि दुसऱ्याची रेघ चुकीची आहे म्हणून सांगायचा. सगळ्यांना एकत्र बांधून आणायचं काम एका इंजिनियर बाईवर होतं. डोक्यावरचं पांढरं हेल्मेट ती कधी काढायची नाही, म्हणून बहिणीने तिचं नाव टोपीवाली ठेवलं.

"टोपीवालीने आज सगळ्यांना धरून आणलंय," बहीण सांगत होती. "शाळेच्या सहलीसारखे तिच्या मागून चाललेत. पाणीवाला आणि गॅसवाला भांडतायत. ती मध्ये उभी. आता बघ, दोघांनाही गुडघ्यावर बसवलं आणि एकेक खुरपं हातात दिलं. म्हणाली असणार, खणा हाताने आणि बघा कुणाचं खरं!" मग तिचा आवाज खाली आला. "दादा, आपल्या वायरचं काय करू? सांगितलं तर कापतील. नाही सांगितलं तरी कापतील. पण सांगून कापलं तर ते मीच कापल्यासारखं होईल ना रे?"

तिने सांगितलं नाही.

पण टोपीवालीच्या टोळीत एक माणूस होता, कानाला यंत्र लावून जमिनीवरून हळूहळू फिरणारा. त्याची पावलं माझ्यावर येऊन थांबली, मागे गेली आणि परत आली. अडॅप्टरमुळे माझ्या अंगात एक बारीकशी गुणगुण कायम चालू असते. तेवढी त्याने ऐकली.

"मॅडम, इथे काहीतरी आहे. रस्ता आडवा ओलांडून जातंय. खूप बारीक आहे, पण चालू आहे."

टोपीवालीने सगळ्यांना बोलावलं. वीजवाला म्हणाला, आमची नाही. फोनवाला म्हणाला, आमच्या इतक्या बारीक नसतात. पाणीवाला म्हणाला, माझा तर प्रश्नच येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याबद्दल बोलत होती, आणि प्रत्येक जण मी त्याची नसल्याचं सांगत होता.

खोदकामाचा ठेकेदार वैतागला. "मॅडम, कुणाचीच नाही म्हणजे बेवारस. मशीन उभं आहे माझं. उडवून टाकू ना!"

"नाही."

"अहो, एका वायरसाठी?"

"मागच्या कामावर अशीच एक बेवारस निघाली होती," टोपीवाली म्हणाली. आवाज शांत होता, पण पाय जमिनीत रोवलेले मला जाणवत होते. "कापणारा माझ्याच हाताखालचा होता. त्याला अजून त्याची बायको घास भरवते. ही चालू आहे. कुणीतरी कुठेतरी हिला चालू ठेवलंय. ते कोण, हे कळेपर्यंत इथे फावडंसुद्धा लागणार नाही."

यंत्रवाला माझ्या अंगावरून चालत निघाला. घराच्या बाजूला नळाच्या आणि गॅसच्या पाइपांच्या गर्दीत मी त्याला सापडेना. दुकानाच्या बाजूला मात्र सरळ शटरपर्यंत गेला. शटर वाजवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ते करकरत वर गेलं.

नेमक्या त्याच वेळी बहिणीने घाईने रिसीव्हर उचलला. तिने सगळं खिडकीतून बघितलं होतं.

"दादा, अरे ते तुझ्या दुकानात शिरले! वहिनीने उघडलं शटर. आता सापडणार बघ ही. एवढं एकच होतं आपलं..."

आणि इकडच्या टोकाला, इतक्या वर्षांनी, कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"...कापू नका म्हणून जाऊन सांगू का? की वेडी म्हणतील मला? सांग ना, दादा."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. बहीण थांबली. तिलाही तो ऐकू गेला.

"कोण?" ती पुटपुटली. "कोण बोलतंय?"

"मी... रस्त्याच्या कामावरची इंजिनियर बोलतेय," टोपीवाली गडबडून म्हणाली. "तुम्ही कुठून बोलताय?"

"समोरून."

मग रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"वन्सं?" वहिनी म्हणाली. "तुम्ही ह्याच्यावर कुणाशी बोलताय?"

बहिणीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"रोज बोलता?"

"रोज," बहीण म्हणाली. "हसू नका, वहिनी."

"हसत नाही हो मी," वहिनी म्हणाली. "मीही रोज रात्री त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसते. कशासाठी, मला विचारू नका."

मला वाटलं, संपलं. ठेवतील आता.

"वन्सं, त्या सकाळी त्यांनी हा उचलला होता," वहिनी म्हणाली. "कानाला लावून बसले होते. मी म्हटलं, दाबा बटण. ते म्हणाले, ती आत्ता कुठे सावरतेय, आल्यावर सांगेन. मला शपथ घातली. मी मानली. मानायला नको होती, एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं. पण तुम्ही परकी म्हणालात आणि माझी जीभच उचलेना."

बहिणीच्या बाजूने फक्त चहाचा कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"कानाला लावला होता?" तिने विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"बराच वेळ, वन्सं."

माझ्यातून आजवर जे जे गेलं, त्यात ह्यापेक्षा जड काही गेलं नाही.

टोपीवाली मला वाचवू शकत नव्हती, आणि तिने तसं खोटं सांगितलंही नाही. "वायर खड्ड्याच्या बरोबर मधून जाते. कापावी लागेल," ती बहिणीच्या घरी येऊन म्हणाली. "पण खोदकाम सुरू होईपर्यंत तुमचीच आहे." बाहेर जाताना तिने माझ्या वरून रेघ मारली. तिच्या डब्यांत माझ्यासाठी रंग ठरलेला नव्हता. मोजणीच्या खुणांसाठी ठेवलेला गुलाबी तिने वापरला. तो मी बघितला नाही. बहिणीने वहिनीला सांगितला, वहिनी म्हणाली, "शोभत नाही हो रस्त्याला," आणि दोघी हसल्या.

ते शेवटचे दिवस बरे गेले. सकाळी गुर्रर्र वाजायचं. नणंद-भावजय बोलायच्या, रुसायच्या, मध्येच गप्प व्हायच्या. रस्ता बंद झाल्यावर लांबून वळसा घालून जायला कुठली वाट बरी, ते ठरवायच्या.

कापायच्या दिवशी दोन्ही रिसीव्हर जागेवर होते. ऐकायला कुणीच नव्हतं, कारण त्या दोघी वर रस्त्यावर उभ्या होत्या. पाय मला ओळखू येत होते. एकमेकींपासून लांब नव्हते, शेजारी शेजारी होते. टोपीवालीने स्वतः खाली उतरून हाताने माती बाजूला केली.

"कापू?" तिने वर बघून विचारलं.

"कापा," वहिनी म्हणाली.

पक्कड मिटली. दुकानाकडचा माझा अर्धा भाग त्या क्षणी मला परका झाला. तो नंतर मातीबरोबर ट्रकमधून कुठेतरी गेला. घराकडच्या टोकाला टोपीवालीने चिकटपट्टी गुंडाळली, जखमेला बांधावी तशी, आणि हाताने माती लोटली.

एक गोष्ट तेव्हा अंधारात माझ्या लक्षात आली. माझ्यातून इतके शब्द गेले, पण त्यांतला एकही माझ्यासाठी नव्हता. दादा गेल्यावर ती माझ्याशीच बोलते, असं मी मनाशी धरून चालले होते. तसं नव्हतं. मी फक्त वाट होते. वाटेशी कोण बोलतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने रिसीव्हर उचलला. पलीकडे आता दादा नाही, वहिनी नाही, दुकानसुद्धा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती म्हणाली,

"दमली असशील गं. झोप आता."

दादाला ती "असशील रे" म्हणाली असती. वहिनीला "असाल" म्हणाली असती.

तिने अडॅप्टर काढला आणि माझ्या अंगातली गुणगुण थांबली.

आता मी नुसती पडून असते. खड्ड्यातली यंत्रं हादरे देतात, तेवढंच काय ते वरचं कळतं. माझ्या टोकापासून हातभर अंतरावर नवी जाड केबल टाकलीय. तिच्यातून म्हणे लाखो माणसं बोलतात, पण सगळं काचेच्या तंतूंतल्या उजेडातून. मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. वहिनी वळसा घालून येते का, कप एक लागतो की दोन, मला माहीत नाही. विचारायला मार्गही नाही.

पुढेमागे तुमच्यापैकी कुणाच्या फावड्याला ही राखाडी वायर लागली, तर खुशाल ओढून काढा. आत काही उरलेलं नाही. फक्त टोकाची चिकटपट्टी तेवढी असू द्या. ती कुणीतरी मला बांधलेली आहे.